घाबरलेले अकरा गणपती

तीन वर्षं मी पेणला कमळाकरकाकांच्या कारखान्यात गणपतींची पोटं घासली. पॉलिशपेपर घ्यायचा आणि नुसती पोटं घासायची. डोळे आखायचा ब्रश काकांनी आजवर कुणाला दिला नव्हता, आणि त्या मंगळवारी तो मला मिळाला. रोह्याकडच्या मागणीच्या अकरा मूर्ती होत्या, संध्याकाळी टेम्पो येणार होता. जमलं तर यंदापासून डोळे माझे. मी तर हवेतच होते.

हवेत होते म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत मनस्वीच्या स्कुटीवर मागे उभी राहिले. मनस्वी माझी शाळेपासूनची मैत्रीण. अक्कल दोघींत मिळून एक. वडखळच्या रस्त्याला तिनं काटा साठवर नेला आणि मी दोन्ही हात सोडले. हे आमचं रोजचंच. पण आज एक टँकर भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला, की त्याचा आरसा माझ्या कोपराला चाटला. मनस्वीनं स्कुटी कडेला घेतली आणि आम्ही खाली फतकल मारून हसत सुटलो.

"मृणाली, मेलो असतो गो," ती म्हणाली. आम्ही परत हसलो. भीतीबिती आमच्या खानदानात नाही.

कारखान्यात येऊन ब्रश धरला. एकामागून एक डोळे झरझर आखत सुटले. टेम्पो यायच्या आत बावीस डोळे आखून मोकळी. मला तर झकास वाटलं.

टेम्पोबरोबर मूर्ती न्यायला रोह्याजवळच्या वरसेहून सरूमावशी आल्या. पहिल्या मूर्तीपाशी थांबल्या, दुसरीपाशी थांबल्या, मग काकांकडे वळल्या.

"कमळाकरभाऊ, देवाला आमच्याकडं यायची भीती वाटते काय?"

तेव्हा कुठे मी नीट बघितलं. डोळे विस्फारलेले, भुवया पार कपाळात. अकराच्या अकरा गणपती टँकर अंगावर आल्यासारखे बसले होते. सगळा कारखाना हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझा हात आरसा चाटलेल्या कोपरावर गेला. मी घाबरले होते. जाम घाबरले होते. दुपारभर ती भीती माझ्या हातात होती आणि मलाच पत्ता नव्हता.

"दुपारी कुठं गेलेलीस गो?" काकांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. काकांनी टेम्पो थांबवून ठेवला, पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि सगळे डोळे पुन्हा आखले. मी रंगाची वाटी धरून उभी होते. शेवटची मूर्ती टेम्पोत चढली तसं मी हळूच विचारलं, "काका, उद्यापासून डोळे मीच ना?"

"यंदा नाय."

"मग?"

काकांनी ब्रश पाण्यात खळबळला आणि कनवटीला पुसला.

"पुढच्या वर्षी ये," ते म्हणाले. "लवकर नको. सावकाश ये."