लघुपाटबंधारे परिसंवाद, भाग सात

सोमवारी सकाळी नमिताचा फोन आला तेव्हा दुर्गाबाई नेरूळच्या आपल्या घरी मेथी निवडत होत्या. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी पुढची जुडी ओढली. नमिता सरकारी रेडिओ केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होती. ज्या टेप-संग्रहात दुर्गाबाईंनी तीस वर्षं काढली, तो आता तिच्या ताब्यात होता. निवृत्तीला बारा वर्षं होऊन गेली, तरी कुठली टेप सापडेनाशी झाली की ती अजून बाईंनाच फोन करायची. या वेळी मात्र काही हरवलेलं नव्हतं.

संग्रहासाठी यंदा मागितलेल्या निधीतला जेमतेम चौथा हिस्सा मंजूर झाला होता. चारशे टेपांपैकी साठच संगणकावर उतरवून घ्यायच्या, बाकीच्या महिनाअखेर मोडीत काढायच्या, आणि कळंबोलीचं भाड्याचं गोदाम सोडून द्यायचं, असं वरून आलं होतं. साठांची यादी समितीने केली होती. नियम सोपा ठेवला होता, नमिता सांगत होती. गाणी, नाटकं, मुलाखती आधी; भाषणं, उद्घाटनं आणि परिसंवाद सरसकट बाद.

"तुम्हाला भाषणांचा कंटाळा, बरं वाटेल म्हणून सांगते, बाई. भाषणाची एकही टेप ठेवली नाही आम्ही."

दुर्गाबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

"यादीवर सही झाली का?" त्यांनी विचारलं.

"परवाच झाली."

"मी उद्या गोदामात येते. माझ्यासाठी एक मशीन चालू करून ठेवायला सांग."

फोन ठेवल्यावर त्यांनी मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकली, आणि ते त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ गेला.

दुर्गाबाई म्हणजे केंद्रावरचा दरारा. टेप एक दिवस उशिरा परत आली तरी त्यांचा मेमो जायचा, मग समोरचा शिपाई असो की सहायक संचालक. नमिता नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिने टेपच्या डब्यावर चहाचा कप ठेवला होता. बाईंनी तिला मेमो दिला, तिचं उत्तर लेखी घेतलं, फाईलला लावलं आणि मग स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ तिच्यापुढे सरकवलं. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. बाईंच्या नोंदवहीत कधी खाडाखोड नसते, असं नवीन माणसाला सांगायची केंद्रावर रीतच पडली होती.

ते खरंही होतं. खाडाखोड नव्हतीच. खोटेपणा होता, आणि तो सुवाच्य अक्षरात होता.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. तेव्हाही पैशांची कपात आली होती. नव्या टेपा मिळेनात, म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरा असा हुकूम निघाला. पुसायचं मशीन म्हणजे एक लोखंडी पेटी, आत जबर लोहचुंबक. टेप त्यावर ठेवून गोल फिरवली की अर्ध्या मिनिटात आतला माणूस नाहीसा. दर शुक्रवारी पुसायच्या टेपांची यादी यायची आणि दुर्गाबाई ते काम करायच्या. पुसायच्या नाहीत त्यांवर तांबडा शिक्का असायचा, 'जपून ठेवा'. तो शिक्का मान्यवरांच्या भाषणांना आणि परिसंवादांना मिळायचा.

त्याच वर्षी सारसोळ्याची शेवंताबाई स्टुडिओत आली होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाऊन लग्न लावणारी ती धवलारीण. सोबत तीन बायका, चौघींच्या केसांत अबोलीचे गजरे. माइककडे बघून ती आधी म्हणाली होती, "या दांड्यासमोर कोनाचं लगीन लावू?" मग डोळे मिटून अर्धा तास गायली, एकदाही पाणी न मागता. त्यातली चार मिनिटं कार्यक्रमात लागली. बाकीचं पुसायच्या यादीत आलं.

त्या शुक्रवारी दुर्गाबाईंनी शेवंताबाईची टेप मशीनवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग कपाटातून लघुपाटबंधारे परिसंवादाचा भाग सात काढला. तो कुणी मागितलाही नव्हता आणि कुणी मागेल असंही दिसत नव्हतं. त्यांनी तो पुसला आणि त्याच्या तांबड्या शिक्क्याच्या डब्यात शेवंताबाईला ठेवलं. टेपांची संख्या बरोबर जुळली. पुढच्या पाच वर्षांत असे सव्वीस डबे झाले: ओवी म्हणणाऱ्या बायका, मिठागरावरची गाणी, गलबत ओढतानाच्या आरोळ्या. सगळे परिसंवाद आणि उद्घाटनं होऊन बसले. शिक्क्याच्या आड ते चाळीस वर्षं सुखरूप राहिले, आणि आता त्या शिक्क्यामुळेच मोडीत निघणार होते.

शेवंताबाई आता ऐंशीला आली होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. नेरूळच्या बाजारात सुनेबरोबर कधी भेटायची. दर वेळी दुर्गाबाईंचा हात धरून ती एकच विचारायची, "मांजी टेप हाय ना गो, बाय?" आणि दर वेळी दुर्गाबाई म्हणायच्या, "हाय."

मंगळवारी नमिता त्यांना गाडीतून घेऊन गेली. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत गोदामापाशी पोचायलाच अर्धा तास लागला. शेजारच्या यार्डात क्रेनला टांगलेलं भलंमोठं लोहचुंबक भंगार उचलत होतं. ते बघून दुर्गाबाईंनी छातीला हात लावला.

"ते किती लांब आहे?"

"बाई, दोन भिंती आहेत मध्ये. काही होत नाही. मी विचारून घेतलंय."

"मांजराला दुधाशेजारी बांधायचं, आणि मध्ये दोन भिंती आहेत म्हणायचं," बाई म्हणाल्या.

आत पत्र्याखाली उकडत होतं. टेपा उतरवून घेणारा तंत्रज्ञ हितेश करंजाड्याहून आला होता. त्याने मशीन साफ करून ठेवलं होतं. एका बाजूला साठ डबे, दुसऱ्या बाजूला बाकीचे, भिंतीपाशी छातीइतक्या उंच चळती. दुर्गाबाई स्टुलावर बसल्या, चष्मा पुसला आणि सगळं सांगितलं. शुक्रवारपासून शिक्क्यापर्यंत, काही न गाळता. सांगताना त्यांची नजर नमिताकडे नव्हती, डब्यांकडे होती.

नमिताने जवळच्या डब्यावरचा तांबडा शिक्का बोटाने चाचपला. ज्या बाईने चहाच्या कपावरून तिच्याकडून लेखी उत्तर घेतलं होतं, तीच बाई सरकारी नोंदवहीत सव्वीस खोट्या नोंदी करून बसली होती. शिवाय सही झालेली यादी बदलायची तर वर कारण लिहून द्यावं लागणार. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या आठवणीवर कसं लिहायचं? तिचा हा प्रश्न दुर्गाबाईंना न विचारताच कळला.

"भाग सात लाव," त्या हितेशला म्हणाल्या. "कानाने खात्री कर."

हितेशने टेप लावली. खरखर झाली, आणि एका पुरुषाने घसा खाकरला.

"सन्माननीय सभापती महोदय," तो म्हणाला, पुन्हा खाकरला, "लघुपाटबंधाऱ्यांच्या संदर्भात बोलताना प्रथम आपण असा विचार केला पाहिजे..."

दुर्गाबाई स्टुलावरून उठल्या. हा माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता. मग हा इथे कसा? डबा चुकला? की शेवंताबाई पुसली गेली आणि हाच राहिला, आणि चाळीस वर्षं आपण त्या म्हातारीला बाजारात उभं राहून खोटं सांगत आलो?

माणूस पाणलोट क्षेत्राबद्दल बोलत होता. नमिताने हळूच बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात एवढी माया होती की दुर्गाबाईंना रडू यायला लागलं.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत होतं असं."

हितेशने मशीन थांबवायला बोट पुढे केलं. टेपच्या वळ्यावर एक पांढुरकी रेघ फिरत वर येत होती. ती दुर्गाबाईंना दिसली, आणि चाळीस वर्षांमागची ती दुपार लख्ख आठवली. ब्लेड. चिकटपट्टी. कुणी आत येऊ नये म्हणून दाराला लावलेली खुर्ची.

"थांब," त्या म्हणाल्या. "हात लावू नकोस."

"...तर मृदसंधारण हा यातला," माणूस म्हणाला, खाकरला, आणि त्या खाकरण्यावरच शेवंताबाई सुरू झाली.

पत्र्याचं गोदाम तिच्या आवाजाने भरून गेलं. मागून तीन बायकांनी ओळ उचलली, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. हळद उतरवायची घाई आहे आणि नवरीची आई अजून रुसलेली आहे, असं त्या आवाजातून कळत होतं. हितेशचं बोट तसंच हवेत राहिलं. यार्डात लोखंड धडाधड पडलं, तरी कुणी तिकडे बघितलं नाही.

"पुसायच्या आधी त्याचं मिनिटभर कापून मीच पुढे जोडलं होतं," दुर्गाबाई नाक पुसत म्हणाल्या. "एखाद्या साहेबाने तपासायला लावली तर पहिलं मिनिट तरी बरोबर निघावं म्हणून. चारशे डबे पाठ आहेत मला, आणि स्वतःची लबाडी तेवढी विसरले."

नमिता हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मग दोघी कामाला लागल्या.

निधी काही वाढणार नव्हता. साठाचे साठच. जेवढे डबे आत घ्यायचे तेवढे बाहेर काढायचे. ज्या नाटकांच्या प्रती दुसऱ्या केंद्रांवर होत्या ती निघाली, दोनदा नोंदलेल्या मुलाखती निघाल्या. अशा चौदा जागा झाल्या. पंधरावी काही केल्या होईना. सव्वीसांतले बारा डबे मागेच राहणार होते. त्यांतला प्रत्येक डबा दुर्गाबाईंनी हातात घेतला, आतल्या माणसाचं नाव मोठ्याने सांगितलं आणि खाली ठेवला. नमिताने ती बाराही नावं लिहून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग दुर्गाबाईंनी कोरा कागद मागितला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, खाली 'मेमो' लिहून रेघ मारली. विषय: श्रीमती दुर्गाबाई, तत्कालीन टेप-ग्रंथपाल, यांनी नोंदवहीत केलेल्या सव्वीस खोट्या नोंदी. त्याखाली डब्यांचे नंबर, आणि प्रत्येकासमोर खरं नाव. शेवटी सही करून त्यांनी कागद नमिताकडे दिला.

"हे यादीला जोड. वर कारण लागेल ना, ते हे. पेन्शन कापतील तर कापू देत."

"आणि तुमचं लेखी उत्तर?"

"ते उद्या देते. थालीपीठ तू आण."

निघताना हितेश संगणकावर भाग सातची नोंद करत होता. नाव शेवंताबाईचं घातलं, गाव सारसोळे घातलं. मग त्याने विचारलं की सुरुवातीचं ते भाषणाचं मिनिट कापून टाकू ना, कारण गाण्याच्या आधी ते उगाच येतं.

दुर्गाबाई दारात थांबल्या. भाषणातला तो इंजिनियर त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याची उरलेली एकोणतीस मिनिटं त्यांनीच लोहचुंबकावर गोल फिरवली होती. बिचारा किती तयारी करून आला असेल.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्याचं तेवढंच राहिलंय. आणि नावही घाल त्याचं, डब्यावर आहे बघ."

गाडीत बसल्यावर त्यांनी नमिताला सांगितलं, नेरूळला सोडण्याआधी पाच मिनिटं सारसोळ्याला थांब. फोनवर ते गाणं घेतलंयस ना? मग शेवंताबाईला सांगून ठेवायला हवं, की आधी एक गृहस्थ बोलतील, त्यांना बोलू दे.