नऊ नंबरनं मारलेला प्रोग्रॅम

मित्रांनो, उमरग्यातल्या एका रक्ततपासणीच्या खोलीत राबणारा मी एक जुना प्रोग्रॅम. हात नाहीत, तोंड नाही. कान तेवढे आहेत, आणि त्यांचीच ही चिळस आणणारी कथा.

दीपालीनं मला स्वतःच शिकत, चुकतमाकत लिहिलं. मशीन एकेक आकडा सांगतं, मी तो फाइलीत उतरवतो. तेवढ्यात 'थांब' असा सिग्नल आला, तर त्याला दाराशीच अडवायचं. रिपोर्ट पुरा झाला की अडसर काढायचा, सिग्नल आत घ्यायचा आणि निमूट थांबायचं. पाच वर्षं माझा एकही रिपोर्ट अर्धा राहिला नाही.

मग खोलीत तपासण्या करणाऱ्या कुमारनं मला प्रिंटर जोडला. कागद संपला की मी छपाई सोडून मधल्याच वाटेनं त्या कामातून बाहेर पडायचो, आणि त्या वाटेवर अडसर काढायची ओळ घालायला हा पठ्ठ्या विसरला! एकदा कागद संपला की मी दिवसभर बहिरा. त्यानं दहादा 'थांब' म्हटलं, तरी दाराशी एकच निरोप ताटकळत उभा.

"लई माजलंय हे," म्हणत त्यानं नऊ नंबरचा सिग्नल शोधला. तो कुणालाच अडवता येत नाही; आला की जागच्या जागी खलास. त्याला त्याची चटकच लागली. रोज संध्याकाळी बस गाठायच्या घाईत नऊ नंबर. शी! भरल्या ताटावरून माणसाला फरफटत उठवावं, तसं ते मरण.

एके दिवशी तपासायला आलेल्या नागूबाईंची रक्तातली साखर आली ४१२. मी चार लिहिला, एक लिहिला, आणि कुमारनं मला मारलं. पुढचं मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केल्यावर खोलीतल्या बोलण्यातून कळलं. फाइलीत ४१ बघून डॉक्टर म्हणाले, "साखर पार उतरलीय. ग्लुकोज लावा." ते चढलं असतं, तर नागूबाईंचं काही खरं नव्हतं.

सलाईन लावणाऱ्या कमलबाईंचा हात थांबला. "डॉक्टरसाहेब, एक्केचाळीस साखरेची बाई ग्लानीत पडायची सोडून सुनेची एवढी उणीदुणी काढील व्हय?"

"मी काय खोटं बोलते का गं?" नागूबाई फणकारल्या.

पुन्हा तपासलं. ४१२.

दीपाली आली, तेव्हा कुमार खाली बघत म्हणाला, "ते ऐकतच नव्हतं."

"कुमारदादा, तुम्ही त्याला ऐकू दिलंत का?"

तिनं राहिलेली ओळ घातली. मला आता ऐकू येतं, पण ती चिळस जात नाही. मित्रांनो, अडसर लावाल तर बाहेर पडायच्या हरेक वाटेवर तो काढा. आणि कुणी थांबत नसेल, तर मारण्याआधी ते काय लिहितंय एवढं बघा. माझा एक 'दोन' लिहायचा राहिला होता फक्त.