मागचं चाक तापतंय

त्या रविवारी पपा नेहमीसारखे माझ्या मागे होते. "मागून मला सगळं दिसतं," असं म्हणायचे. मी जुन्या निळ्या मोटरसायकलवर, ते त्यांच्या काळ्यावर. कॅराकेत बंदराच्या धक्क्यापाशी थांबलो तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच ते वाकले आणि माझ्या गाडीच्या चाकांना, बरोबर मध्यावर, बोटांची उलटी बाजू लावून बघितली. आमच्याकडचे म्हातारे स्वार थांबले की आधी हेच करतात. पुढचं गरम लागायचंच, थांबवायचं बरंचसं काम ते करतं. मागचं फार तर कोमट असावं.

मागच्याला लावलेला हात त्यांनी झटकन ओढला.

"काय झालं?"

"ब्रेक चिकटतोय. मीच नट जास्त आवळला असणार. म्हातारा झालो, पोरी."

"कबूल केलंत एकदाचं!"

"रेजिनालला सांगू नकोस. वर्षभर हसत बसेल मेला."

पाना घेऊन ते चाकापाशी बसले, काहीतरी फिरवलं. घरी पोचल्यावर पुन्हा हात लावला आणि म्हणाले, "बघ, गारेगार." मग जेवायच्या आधी बराच वेळ नळाखाली बोटं धरून उभे राहिले. मी कोंबडीचं फ्रिको, आमच्याकडचा बटाटे घातलेला रस्सा, वाढत होते.

"लाल झालीत की."

"तुझं पातेलं लागलं. वाढ, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं रचताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. शवपेटीत त्यांचे हात एकावर एक ठेवले होते. वरच्या हाताच्या बोटांवर तो लाल डाग तसाच होता. चेहऱ्यापेक्षा त्याच्याकडे बघणं सोपं गेलं.

मे महिन्यात आमच्या चर्चसमोर मोटरसायकलींना आशीर्वाद देतात. गेल्या वर्षभरात जो गेला असेल, त्याची गाडी त्याच्या घरचं कुणीतरी चालवत आणतं. कुणीच नसेल तर ती ट्रेलरवर लादून येते. पपांच्या घरी मी एकटीच होते. काळी गाडी मीच नेणार, असं सगळ्यांना सांगून बसले होते.

रेजिनालकाका, पपांचे जन्माचे दोस्त, माझ्या मागे निघाले. वाटेत दोनदा त्यांनी दिवा चमकवला. मला अर्थ लागला नाही. चर्चच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर मी थांबले, वाकून मागच्या चाकाला हात लावला आणि ओरडलेच.

"याचाही ब्रेक चिकटतोय, काका. पपा म्हणायचे, नट जास्त आवळला की असं होतं."

"कुठल्या गाडीचा नट?"

"निळ्या."

"आणि ही काळी. एकच आजार दोघींना? गोवर आहे का हा?"

त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. ते कुठेही न घासता फिरत राहिलं. चाक धरून दोन्ही बाजूंना हलवलं. बेअरिंग घट्ट होतं. चेन दाबून पाहिली. हवी तेवढी सैल होती.

"गाडीला काही झालेलं नाही. किल्ली फिरव आणि बस बरं वर. चालवताना ठेवतेस तसे पाय ठेव. आणि दुकानाच्या काचेत बघ."

मी बसले. काचेत मागचा, ब्रेकचा लाल दिवा पेटलेला दिसत होता. माझा उजवा पाय ब्रेकवर होता. मी दाबत नव्हते; नुसता टेकवला आहे, असंच मला वाटत होतं.

"घरापासून पेटलाय," काका म्हणाले. "म्हणून तर मी दिवा चमकवत होतो."

म्हणजे इतके रविवार पपांनी मागून हा दिवा पाहिला होता. आई गेल्यावर ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठेनात, तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. "भीती नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "छे!" पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. नट आवळल्याचा दोष स्वतःवर घेतला, भाजलेल्या बोटांचं खापर पातेल्यावर फोडलं.

काका दुसरीकडे बघत म्हणाले, "घरी ट्रेलर आहे माझा. घेऊन येतो. कुणी काही बोलणार नाही. बोललाच कुणी, तर माझ्याशी गाठ आहे."

"नको."

"नक्की?"

"तुम्ही मागे राहा फक्त. दिवा लागला की हॉर्न द्या."

"कान किटतील तुझे," म्हणत ते त्यांच्या गाडीकडे गेले.

चाक निवेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. मग पाय ब्रेकवरून काढून पायटेकणीवर मागे सरकवला. काचेतला लाल दिवा विझला. हेल्मेटची काच खाली घेतली आणि आत, माझ्याच कानांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने, म्हणाले, "पपा, मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटायची. तुम्ही मागे असायचात, म्हणून येत होते."