पहिल्या गाडीच्या साठजणी

रुळांची कामं आम्ही वर्षानुवर्षं रविवारी करायचो. हल्ली लोक सोमवारी घरूनच काम करतात आणि रविवारी मात्र कुणाचा पाय घरात ठरत नाही. रविवारी गाड्या बंद ठेवल्या की आम्हाला शिव्यांची लाखोली. म्हणून साहेबांनी नवं वेळापत्रक मागितलं. मी स्टेशनात शिरताना तिकीट तपासणाऱ्या यंत्रांचे वर्षभराचे आकडे काढले. सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीला माणसं सात, दहापर्यंतच्या बाकीच्या गाड्याही जवळजवळ रिकाम्या. मी सोमवारी पाच ते दहा सगळ्या गाड्या बंद करून टाकल्या. साहेब म्हणाले, "डोकं आहे तुला." मलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या सोमवारी ताई माझ्या दारात उभी. भाऊजी रुळांवर काम करताना गेले, तेव्हापासून ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"मला काढलं," ती म्हणाली. "तीन सोमवार उशीर झाला. पेशंटांनी काय दहापर्यंत उपाशी बसायचं?"

"पण त्या गाडीला माणसंच नसतात, ताई."

"साठजणी असतो आम्ही. सगळ्यांचे नवरे रेल्वेतलेच होते. पास दाखवला की शिपाई बाजूच्या दारानं सोडतो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पासवाले यंत्रातून जात नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, असंही नाही. ताईचा पास दरवर्षी मीच सही घेऊन आणतो. सातचा आकडा बघताना ती मला आठवली नाही, बस.

"हे वेळापत्रक कुणी केलं रे?"

"ऑफिसनं," मी म्हणालो. लाज वाटली, पण जीभ अडखळली नाही.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "एक सोमवार काम थांबवू, गाडी सोडू. तू स्वतः उभा राहून डोकी मोज."

मी बाजूच्या दारापाशी उभा राहिलो. चारजणी आल्या. बाकीच्यांची कामं तोवर गेली होती. नोकरीच नाही, तर पहाटे उठून गाडी कोण पकडणार? माझं हे मोजणं म्हणजे वरातीमागून घोडं.

"सात आणि चार, अकरा," साहेब म्हणाले आणि त्यांनी वेळापत्रक कायम केलं. "तुझा अंदाज बरोबरच होता की."

ताईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती त्या बायकांना धीर देत फिरते, "माझा भाऊ ऑफिसात आहे, तो करेल काहीतरी."