टेकडीखालची फुकट शाळा

त्या काळी देवासला गाद्या दोन होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मोरोपंत धाकट्या पातीच्या दफ्तरात लेखनिक होते. दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर सुबक मोडीत उतरवण्यात त्यांचा उमेदीचा काळ गेला होता. टेकडीच्या पायथ्याशी, धर्मशाळेच्या ओसरीत कुणी खंडोजी फुकट शाळा चालवतो, लिहिणाऱ्यांना चित्रं काढायला लावतो आणि चिताऱ्यांना लिहायला, असं कानावर आलं, तेव्हा त्यांना राहवेना.

खंडोजी मुंबईला चित्रकला शिकायला गेला होता. तिथे पुतळ्यांच्या नकला करून करून कंटाळला आणि शिक्षण अर्धवट सोडून परत आला. त्याच्या शाळेत फी नव्हती, परीक्षाही नव्हती. पालख्या रंगवणारा गणोजी पंतांना जागा करून देत म्हणाला, "बैठो भिया. इथं ज्याला काही येत नाही, त्याचीच मजा जास्त."

खंडोजीने पंतांना पहिलंच काम दिलं ते असं: घरातल्या एका माणसाचा चेहरा, त्याला समोर न बसवता, नुसता आठवून काढायचा.

पंत घरी येऊन कागद पुढे घेऊन बसले. त्यांची बायको सावित्रीबाई आत भाकऱ्या थापत होत्या. महाराजांच्या पदव्या पंतांना ओळीने पाठ होत्या, पण बायकोचं नाक कसं आहे ते काही केल्या आठवेना. मग ते चोरून बघू लागले. त्या तांदूळ निवडत असताना बघत, पाणी भरून येत असताना बघत. शेवटी सावित्रीबाईंनीच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

पंतांनी ओशाळून खरं ते सांगितलं. आणि विषय निघालाच आहे म्हणून, डाव्या कानाची पाळी अशी फाटलेली का, तेही विचारलं. सावित्रीबाई हसल्या. लहानपणी माहेरी, खातेगावला, शेळीने बाळीसकट कान ओढला होता. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी निघालंच नव्हतं.

आता सावित्रीबाईंचे प्रश्न सुरू झाले. तिथे कोण येतं, कोळशाने काढतात की शाईने, बायकांना बसू देतात का. शेवटचा प्रश्न पंतांनी खंडोजीपुढे ठेवला. तो म्हणाला, ओसरी धर्मशाळेची, मी कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई पंतांबरोबर ओसरीत आल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन खांबाशी बसल्या. खंडोजीने त्यांच्या हाती कोळसा दिला आणि पंतांना समोर उभं केलं. बऱ्याच वेळाने सगळे कागदाभोवती जमले. कागदावर दोन पावलं होती. वाकडी करंगळी, टाचेची भेग, वहाणेच्या पट्ट्याचा वळ, वर धोतराचा काठ. त्याच्या वर काही नाही.

"आणि चेहरा?" खंडोजीने विचारलं.

"सासरी आल्यापासून मान खाली घालूनच वावरले," सावित्रीबाई म्हणाल्या. "पाय पाठ आहेत. वर बघायची सवय नाही."

 पंतांनी वाकून स्वतःची करंगळी पाहिली. ती खरंच वाकडी होती.

खंडोजीने दुसरा कागद पुढे सरकवला. सावित्रीबाईंनी मान वर केली आणि नवऱ्याकडे सावकाश, निरखून बघायला लागल्या. कुठे बघावं ते पंतांना कळेना. ते छपराकडे बघू लागले.

"हनुवटी जरा खाली," सावित्रीबाई म्हणाल्या.

पंतांनी ती खाली केली, आणि ओसरीतलं ऊन उतरेपर्यंत तसेच उभे राहिले.