कडूबाईला सांगितलेलं

निजामाच्या अमलात मुलींची शाळा मिळणं म्हणजे नवसाचं पोर. अणदूरच्या पलीकडल्या गावात ती होती आणि शांतम्मा बाई ती एकट्याच चालवत होत्या.

चौथीतली कडूबाई एक दिवस शांतम्मांना कडब्याच्या गंजीआड लपलेली सापडली. परकराला रक्त लागलेलं. आता आपण मरणार, असं पोर धरूनच चालली होती. घरच्या बायका नुसत्या कुजबुजत राहिल्या. शांतम्मांना संताप आला. दुसऱ्या दिवशी वर्गाचं दार उघडं ठेवून त्यांनी मुलींना सांगितलं, की मोठं होताना महिन्याला रक्त जातं, तो आजार नाही, विटाळही नाही. पोटात पिशवी असते, आपण सगळे तिथंच वाढलो. आणि अंगाला कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं, मग तो मामा असो नाहीतर मास्तर.

गावानं डोक्यात राख घालून घेतली. संध्याकाळी चावडीवर बोलावणं आलं.

"पुन्हा असलं बोलणार न्हाय म्हणा, बाई," हिंमतराव पाटील म्हणाले. "न्हायतर शाळेला कुलूप."

शांतम्मांचे चुलते सिद्रामप्पाही तिथं होते. "विटाळाच्या गोष्टी पोरींफुडं? घराण्याची अब्रू घालवलीस."

शांतम्मांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरलं. "काका, हे जन्मापासून माझ्या गळ्यात हाय. त्या चार दिवसांत काढून ठेव, असं कधी म्हणलात? काकूचं उतरवलंत? देव गळ्यात ऱ्हातो, मग पोरीनं शाळेत का ऱ्हाऊ नये?"

सिद्रामप्पांचा हात आपल्या गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

"ते तुमच्या लिंगायतांतलं," पाटील म्हणाले.

"रक्त समद्यांतलं एकच हाय, पाटील. म्या पुन्हा सांगणार."

सकाळी दाराला कुलूप होतं. शांतम्मांनी चावडीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी अंथरली. एकही पोर येईना. हट्टापायी आपणच शाळा बुडवली की काय?

तेवढ्यात कडूबाईची आई कस्तुराबाई लेकीला दंडाला धरून आली. पोरीचं नाव शाळेतून काढायला आली असणार, असं चावडीवर बसलेल्या पाटलांनाही वाटलं. तिनं कडूबाईला सतरंजीवर बसवलं आणि पदर सावरून शेजारी स्वतः बसली.

"बाई, पयल्यापासून सांगा. मला कुणीच सांगितलं न्हवतं. म्या हिच्याएवढी असताना जीव द्यायला हिरीवर गेले हुते."

शांतम्मांनी चावडीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.