दोन वाट्यांचं दूध

“निजलंय गं ते. हलवू नगंस त्याला.”

चुलत सासूचा हा आवाज वच्छलाबाईंनी ऐकला तेव्हा त्या पहिलटकरीण होत्या, अंगानं काडीसारख्या. बाजेखाली शेगडी धुमसत होती आणि कुशीत धडुत्यात गुंडाळलेलं लेकरू. दुपार कलली तरी ते उठलं नाही. मग कुणीतरी त्याला उचलून नेलं आणि कुणीतरी अळिवाची वाटी पुढं केली. बाळंतिणीला वाईट सांगायचं नसतं, धसक्यानं दूध आटतं, हे घरचं शास्त्र. लेकरू गेलं हे कुणी सांगितलंच नाही, त्यामुळं त्यांना कुणाच्या गळ्यात पडून रडताही आलं नाही. लेकराचं तोंड कसं होतं, तेही धड आठवेना.

आता त्या स्वतः सासू झाल्या होत्या आणि संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात, हातात दोन झाकलेल्या वाट्या घेऊन बसल्या होत्या.

वर दुसऱ्या मजल्यावर सून दीपमाला. खाली तळमजल्यावर, काचेच्या पेटीत, नात. सातव्या महिन्यात दीपमालाचं बीपी चढलं, झटके आले, पोट चिरून जुळं काढावं लागलं. मुलगा आणि मुलगी. दीपमाला शुद्धीवर यायच्या आत मुलगा गेला. वच्छलाबाईंचा लेक विश्वजीत त्याला कापडात घेऊन गेला आणि मातीचे हात घेऊन परत आला. दीपमालानं डोळे उघडले ते एवढंच विचारायला, “दोघं बी हायत ना?” विश्वजीतनं आईकडं पाहिलं. आणि वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “हायत की. खाली पेटीत हायत. तू पड.”

तेव्हापासून दीपमाला हातानं दूध पिळायची ते दोन वाट्यांत. थोडं याला, थोडं तिला. वच्छलाबाई दोन्ही वाट्या खाली न्यायच्या आणि दोन्हींचं दूध एकाच नळीतून एकाच पोटात जायचं. पण दूध दिवसागणिक आटत चाललं होतं. कालपर्यंत वाटीचा तळ तरी भिजायचा, आज तोही धड भिजला नव्हता.

“आजी, एवढंच?”

डॉक्टर वैदेही खाली, पेट्यांच्या खोलीच्या दारातच भेटल्या. कमी दिवसांच्या लेकरांच्या आयांवर त्यांचा अभ्यास चालू होता. आईनं पेटीपाशी बसायचं, लेकराला उघड्या छातीशी धरायचं, आणि त्याच्या आधी किती दूध येतं, नंतर किती येतं, ते त्या मोजून लिहायच्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, आवाज बसलेला.

“एवढंच आलं बाई. मेथ्या देते, डिंक देते. काय करू?”

“मेथ्यांनी काय होतंय! तिला खाली आणा. चालतंय आता तिला. लेकीचं वजन परत उतरलंय, आजी. आईच्या छातीची ऊब मिळाली तर दोघींना फरक पडेल, निदान मला तसं वाटतंय. तेच तर शोधतोय आम्ही.”

“तुमच्या त्या अभ्यासात घ्यायचं का तिला?”

“अभ्यास राहू द्या बाजूला. त्याच्यावर सही घ्यायची तर तिला सगळं माहीत पाहिजे, खोट्यावर मी सही घेत नाही.” वैदेही भिंतीला टेकल्या. “पहिल्या दिवशी तुमचं ऐकलं, ती शुद्धीत नव्हती म्हणून. नंतरही ऐकत राहिले, ते चुकलं माझं. आज मी सांगते तिला. नाहीतर तुम्ही सांगा.”

“नको, तुम्ही नको.” वच्छलाबाई घाईनं बोलल्या. “परक्याच्या तोंडून नको.”

बाहेरच्या बाकावर विश्वजीत डबा घेऊन बसला होता. वाळूजच्या कंपनीतून पाळी सुटून थेट आलेला, दाढी वाढलेली.

“आई, सांगू नको हां. दूध पार आटंल. एक गेलं, दुसरं बी घालवायचं का?”

“आटायचं काय राहिलंय रं? बघ की वाटीत.”

“मग मी कसं तोंड दाखवू तिला? रोज इचारती, कुणावर गेलाय म्हून. मी म्हनलो, माझ्यावर.” आणि तो डब्याच्या झाकणाकडं बघत राहिला.

वच्छलाबाई जिना चढल्या. एकेक पायरी भरल्या घागरीसारखी जड.

वर दीपमाला उठून बसली होती. केस विंचरलेले, कपाळाला टिकली. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूकडंच. सासूला ती आत्या म्हणायची, आणि आईशी भांडावं तशी भांडायची.

“आत्या, कुठं बसलाव एवढा वेळ? नर्सबाई म्हनल्या, खाली जाता येतंय मला. तुम्हीच दडवून ठिवलंय!”

“टाके ओले हायत म्हून…”

“टाक्याचं कवतिक सांगू नका. चला.” ती पदर सावरत उभी राहिली, कळ आली तशी खाटेचा दांडा धरून हसली. “दोघांना एकदम घेता येतंय का हो? का आधी एक, मग एक? तो भाऊ हाय, आडदांड असंल. तिला मागं ढकलंल.”

वच्छलाबाईंनी तिचा दंड धरला. जिन्याच्या वळणावर खिडकीतून ऊन पडलं होतं, तिथं दीपमाला दम खायला थांबली.

“आत्या, ती ओवी म्हना ना. पोट दिसाया लागलं तवा म्हनायच्या ती.”

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. आवाज चिरका आला.

*सुनेच्या माझ्या ओटी, चंद्रासंगं चांदणी*
*दोघांच्या गं वाळ्यांचा…*

पुढचं येईना.

“इसरलाव?” दीपमाला म्हणाली. मग तिनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. “आत्या. लेकरांचं इचारलं की सगळे इषय का बदलतेत? सगळेच माझ्याकडं असं का बघतेत?”

वच्छलाबाई खाली पायरीवर बसल्या आणि तिला ओढून शेजारी बसवलं. तिचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेतले. खालून कुठल्यातरी लेकराचं बारीक रडं येत होतं.

“दीपे, खाली एकच पेटी हाय. लेक हाय तुझी, जगायला धडपडती, तिला घे तू. पोरगं गेलं गं. तू बेसुद व्हतीस तवाच गेलं. मी तुला खोटं सांगितलं, इश्वजीतनं नाय, मी. पन मी बघितलंय त्याला. लई येळ बघितलं. डोक्याला दाट जावळ व्हतं, अन् नाक तुझं व्हतं, तुझ्या वाणी शेंड्याला जरा बसकं. उजव्या कानाला लव व्हती. इच्यार, काय इच्यारायचं ते. मी समदं सांगते.”